लोड किती?

लोखंडाच्या बाजारात दुकान असलं की दोन गोष्टी न मागता साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान सकाळी झाडता येते! किस्से रोज चहाबरोबर बाहेर निघतात आणि दर वेळी थोडे फुगलेले असतात. खालचे मात्र मी फुगवलेले नाहीत. यात फुगलेलं काही असेल तर तो मीच.

माझं कळंबोलीत बेअरिंगचं दुकान. शेजारी इस्माईलचाचांचं गॅरेज. चाचा पनवेलचेच. पंधरा वर्षं कुवेतमध्ये ट्रेलरखाली झोपून काढली, आणि परत येऊन इथे ट्रकखाली झोपले. ट्रकचं सस्पेन्शन हा त्यांचा प्रांत. गाडी कुठलीही येवो, पहिला प्रश्न ठरलेला, "लोड किती?"

एकदा कॉलनीतले एक बँकवाले साहेब बायको-बाळासकट बाबागाडी घेऊन आले. पुढचं चाक लटपटत होतं. चाचांनी चष्मा लावला, बाबागाडी उलटी केली, चारी चाकं फिरवून बघितली आणि विचारलं, "लोड किती?"

साहेब गोंधळले. "साडेसहा किलो."

चाचांनी साहेबांच्या बायकोच्या कडेवरच्या बाळाकडे नीट बघितलं. "पासिंग तेवढ्याच वजनाचं आहे ना? नंतर वाढेल हां!"

*

अशा या गॅरेजात एक दिवस जितू म्हात्रेची लाल स्पोर्ट्स कार शिरली. शिरली म्हणजे काय, दारातल्या गटारावर फळ्या टाकून चौघांनी हाशहुश करत आत घेतली. जितू जासईचा. त्याचे दोन ट्रेलर कंटेनर यार्डात चालतात. ही गाडी त्याने सेकंडहँड घेतली होती. दोन सीट, इंजिन मागे, डिकी पुढे आणि पोट जमिनीला टेकलेलं.

"चाचा, जासईच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर खाली घासते," जितू रडवेला होऊन म्हणाला.

"लोड किती?"

"लोड कसला? मी एकटाच!"

"मंजे खाली चालवतोस?" चाचांना ते भयंकर वाईट वाटलं. त्यांच्या हिशेबात रिकामी गाडी पळवणं हा गुन्हाच. पण काम घेतलं. आठ दिवसांनी गाडी चार बोटं उचलून दिली. आत चाचांनी स्वतः निवडून बसवलेल्या कडक स्प्रिंगा. बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "आता हत्ती बसव. गाडी बसली तर माझं नाव बदल!"

गाडी खरंच बसेना. अडचण तिथूनच सुरू झाली.

*

जितूची आई, हिरामावशी, वजनाला एक्केचाळीस किलो आणि आवाजाला ट्रेलरचा हॉर्न. जगातल्या प्रत्येकाला अरेतुरे करते. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा तिने आत डोकावून विचारलं होतं, "दोगाच बसतान? मंग तुजा बापूस असता त कुठं बसला असता?"

जितूचे वडील जन्मभर दुसऱ्यांचे ट्रेलर चालवत राहिले. "एक दिवस तुला आपल्या सोताच्या गाडीतनं कार्ल्याला एकवीरेला नेईन," असं मावशीला दर वर्षी सांगायचे. आठ वर्षांपूर्वी गेले आणि ते राहूनच गेलं. ती गाडी हीच, असं जितूने मनाशी ठरवून टाकलं होतं. चैत्रातल्या यात्रेला आईला शेजारी बसवून न्यायचं. एरवी स्वतःच्या हेअरकटपलीकडे न बघणारा हा पोरगा त्या एका गोष्टीवर बोलायला लागला की आरशात बघायचंही विसरायचा. मला तो तेव्हापासून आवडायला लागला.

नव्या स्प्रिंगांवर तो आईला चक्कर मारायला घेऊन निघाला. हायवेला लागला, ऐंशीचा स्पीड झाला आणि गाडीचं नाक वरखाली नाचायला लागलं. कळंबोली येईपर्यंत मावशीचं डोकं छताला सात वेळा लागलं. तिने मोजलं होतं! आमच्या दारात उतरली, पदर सावरला आणि चाचांना म्हणाली, "पोटातला पानी डोक्यान आला रं माज्या! ही गाडी हाय का बेडूक? मी नाय बसायची हिच्यान."

आणि रिक्षा करून जासईला गेली. जितू तोंड पाडून गाडीत बसून राहिला.

*

मग चाचांची चहा-टेस्ट सुरू झाली. कटिंगचा ग्लास काठोकाठ भरायचा, शेजारच्या माणसाच्या हातात द्यायचा आणि हायवेवर गाडी पळवायची. चहा सांडला तर गाडी नापास. ग्लास धरायला माणूस कोण? माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसतं हे अख्ख्या कळंबोलीला माहीत आहे. चाचा स्टिअरिंगवर, मी ग्लासवर.

एक थेंब सांडला नाही! चाचा छाती काढून परत आले. "गाडी मख्खन आहे. मख्खन!"

जितू एकटा घेऊन गेला. तासाभराने केस विस्कटून परत. "बेडूकच आहे, चाचा!"

पुन्हा खोललं, पुन्हा आवळलं, टायरची हवा कमी केली, पुन्हा चहा. मी शेजारी, चहा जागच्या जागी. जितू एकटा गेला की पुन्हा उड्या. असं पाच वेळा झालं. शेवटी चाचा भडकले. "गाडीत खराबी नाही. खराबी तुझ्या बसण्यात आहे!"

"बसायचं पण शिकू काय आता?" जितू ओरडला. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. यात्रा दहा दिवसांवर आलेली.

*

नेमका तेव्हा मी भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला गेलो. चाचांनी जुम्म्याच्या दिवशी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, स्वतःच ग्लास धरला आणि जितूला गाडी चालवायला लावली. पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते त्यांच्या कुर्त्याकडे बघून सगळ्या बाजाराला समजलं.

मला फोन आला तेव्हा मी पंगतीत होतो. "मनोहरशेठ, तुझा लोड किती?"

"चाचा, मी जेवतोय!"

"जेवायच्या आधीचा सांग!"

सोमवारी मला बाजारातल्या वजनकाट्यावर गाडीसकट चढवलं. मग मला उतरवून पुन्हा. फरक एकशे पंधरा. काट्यावाल्याने सवयीने पावती फाडली, मालाचा प्रकार: लोखंड.

चाचांनी ती पावती दोनदा वाचली. जन्मभर भरलेल्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्याने स्पोर्ट्स कारलाही भरल्या गाडीच्या स्प्रिंगा घातल्या होत्या, आणि टेस्टला बसताना लोडही बरोबर घेतला होता! "चुकी माझी," ते जितूला म्हणाले. चाचांच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं.

*

योग्य स्प्रिंगा यायला तीन आठवडे लागणार होते. यात्रा आठवड्यावर. जितू म्हणाला, "मनोहरकाकांना बसवलं की गाडी नीट चालते, पण मग आई कुठे बसेल?" मी डिकीत मावतो का, यावरही गंभीर चर्चा झाली.

"डिकीत वजन टाकू," चाचा म्हणाले. "वाळूची पोती?"

मावशी तिथे मुलाला डबा द्यायला आली होती. सगळं ऐकून घेतलं. "वजनच पायजे ना? वाळू नको." एवढंच बोलून ती गेली.

निघायच्या सकाळी जितूने गाडी गॅरेजात आणून डिकी उघडली. आत त्याचे वडील ट्रेलरवर बरोबर न्यायचे तो त्यांचा जुना जॅक आणि माल बांधायच्या साखळ्या होत्या. आठ वर्षं मावशीने भंगारवाल्याला त्यांना हात लावू दिला नव्हता. कोणीतरी त्यांना तेल लावून, पुसून चकचकीत केलं होतं. चाचांनी या खेपेला लोड विचारला नाही. साखळ्या नीट पसरून ठेवल्या आणि झाकण हळूच लावलं.

संध्याकाळी लाल गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. मावशीने काच खाली केली आणि माझ्या हातावर प्रसादाचा नारळ ठेवला. चाचाही हात पुसत धावत आले.

"मावशी," मी विचारलं, "गाडी उडाली का?"

"कशी उडल?" मावशी म्हणाली. "आमी तिघा व्हतो ना!"