पश्चिमेची भिंत

जळकोटात घर बांधणारा माणूस रंगाची फिकीर नंतर करतो. बाहेरचा गिलावा मात्र त्याला शिवमूर्ती गवंड्याचाच लागतो. चाळीस वर्षं थापी हातात, आणि तोंडात एकच पालुपद: गिलावा झाला की सात दिवस दोन्ही वेळा पाणी मारा, नाहीतर बारीक तडे जातात आणि झड सरळ घरात शिरते. ऐकून ऐकून लोक कंटाळत.

मागच्या वैशाखात हे शहाणपण त्यानेच गिळलं. मिरची कांडून विकणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या सिद्धम्माच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा संपला आणि लातूरहून बंगल्याचं काम आलं. वरपर्यंत पाणी मारायला लागणाऱ्या बांबू-फळ्या त्याला तिकडे न्यायच्या होत्या. नवं सिमेंट आहे, दोन दिवस पाणी बस झालं, असं त्याने ठोकून दिलं. म्हातारीने विश्वास ठेवला.

आषाढात चार दिवस झड लागली. भिंत आतून ओली झाली, मिरचीच्या दोन पोत्यांना बुरशी धरली. लोक विचारू लागले, तर सिद्धम्मा म्हणे, त्या दोन दिवसांत माझंच पाणी कमी पडलं, शिवमूर्तीच्या हाताला बोल लावू नका. मग चहाच्या टपरीवर तिच्या आळशीपणाची थट्टा सुरू झाली. शिवमूर्ती तिथंच बसलेला असे. मीही असे. तो बशीत बघत चहा संपवायचा आणि उठून जायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, असं त्याने मला पुढे सांगितलं. पण तोंड काही उघडलं नव्हतं.

भाद्रपदात उघडीप मिळाली तसा तो न बोलावता आला. जुना गिलावा टोकरून काढला, नवा चढवला. सिद्धम्मा हापशावरून घागरी आणू लागली. या खेपेला माझी कसूर होणार न्हाई, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली.

"अक्का, तुमचं पाणी कमी पडलं नव्हतं. फळ्या न्यायच्या म्हणून मीच खोटं बोललो."

सिद्धम्माने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

"भिंतीचं जाऊ दे. दोन महिने लोकं मला आळशी म्हणत राहिले, अन् तू तिथंच बसून चहा प्यालास?"

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.