वल्हे मारणारीच्या जागी बर्फपेटी

अक्षय्य तृतीयेला मत्स्य विभागाने मच्छीमारांना बर्फपेट्या वाटल्या. पेटी होडीत मावत नाही, ही माझी हरकत पोळ्याला फेटाळली. जबाबदार दोघे: पेटी मंजूर करणारा अधिकारी आणि होडी न मोजता ती बनवणारा ठेकेदार.

हरकत मी, मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून, जायकवाडी धरणाच्या काठावरील एका मच्छीमारासाठी घेतली होती. बर्फाविना व्यापारी मासळी घेईना आणि होडीत पेटी मावेना, म्हणून मी गेलो तेव्हा तो वल्हे मारणाऱ्या बायकोची बसायची फळी कापत होता. मध्येच करवत थांबवून आभाळाकडे पाही.

“न्या आता या सवतीला, मी बसते काठावर!” बायको म्हणाली.

तो हसला नाही, माझ्याकडे वळला. “जाळं मी ओढीन साहेब, पण वाऱ्यात होडी कोण धरंल?”

वारा सुटलाच होता. तो एकटा निघाला. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर अधिकाऱ्याने व ठेकेदाराने त्याच काठावर, तिच्यासमोर, जाहीरपणे द्यावे.