मी खूप रडले

पाचवीच्या पोरांनी सरांचं नाव ठेवलं होतं ‘हातनका’. म्हणजे कसं, वर्गात मागे काचेचं कपाट, कपाटात पृथ्वीचा गोल, लोहचुंबक, तराजू, काय नि काय, आणि प्रत्येक वस्तूसमोर सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: हात लावू नका. आणि वर्गाच्या दारावर पाटी काय, तर ‘कृतीतून शिक्षण’! तराजूची पारडी तर सरांनी डिंकाने चिकटवून टाकली होती. का, तर वाकडी दिसतात. बावीस वर्षं हा माणूस प्राथमिकच्या शेवटच्या वर्गाला शिकवत होता आणि बावीस वर्षांत एकाही पोराने त्या तराजूत साधा खडूसुद्धा तोलला नव्हता.

पण रुबाब बघाल तर! शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कायम एकच टेप. ‘‘उपक्रम बघायचे असतील तर माझ्या वर्गात या. पहिलीच्या बाई काय, टाळ्या वाजवून गाणी म्हणतात. त्याला काय अक्कल लागते?’’ पहिलीच्या बाई बिचाऱ्या हसून बशी विसळायला निघून जायच्या.

त्या वर्षी मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांची खुर्ची या दोघांपैकी एकाला मिळणार होती. वरून तपासणीच्या मॅडम येणार, दोघांचे वर्ग बघणार, शेरा देणार. सर तर स्वतःला मुख्याध्यापक समजूनच बसले होते. बायकोकडून खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवून घेतली, निळ्या कापडाची. आधी बी तर रुजू दे! पण नाही.

आता बी रुजण्याचाच तर उपक्रम होता. घेवड्याचं बी ओल्या मातीत लावायचं, दहा दिवस रोज बघायचं, जे दिसेल ते वहीत लिहायचं. इतकं सोपं. शेंबडं पोरही करेल. पण पोरांनी केलं तर बाकांवर चिखल होईल ना! म्हणून सरांनी घरी बायकोला सहा वाट्यांत बिया लावायला सांगितल्या.

‘‘अहो, पोरांचा अभ्यास मी का करू?’’ बायको म्हणाली.

‘‘प्रदर्शनासाठी गं. पोरं घाण करतात.’’

‘‘आणि बघायचं कोणी? मीच? मग मलाच बसवा त्या खुर्चीत!’’

सरांनी पेपर तोंडासमोर धरला. हा त्यांचा आवडता उपक्रम.

आणि वह्या? त्याचीही सोय होती. कधीकाळी एका मुलीच्या निरीक्षणवहीला बक्षीस मिळालं होतं. ती वही सरांनी कपाटात जपली होती. अक्षर सुंदर म्हणून हो, वाचली कोणी होती! ती मॉनिटरला दिली, त्याने दोन दिवसांत सगळी फळ्यावर उतरवली, एकेचाळीस पोरांनी फळ्यावरून वहीत उतरवली, आणि सरांनी एका तासात एकेचाळीस वह्यांवर लाल पेनाने ‘छान’ ठोकलं.

बेचाळिसावी वही शंकासुराची. हे नाव सरांनीच ठेवलेलं. ती मुलगी सारखी ‘पण सर, का?’ विचारायची म्हणून. फळा भरला ते दोन दिवस ती तापाने घरी होती. काय लिहायचं ते माहीत नव्हतं, म्हणून वेडीने खरंच बी लावलं! सरांनी तिची वही उघडली तर पानावर मातीचा डाग. न वाचताच खाली लिहिलं, ‘पुन्हा लिही’, आणि वही गठ्ठ्याच्या तळाशी घातली.

मॅडम आल्या. वाट्या बघितल्या, ‘वा’ म्हणाल्या. सरांची छाती फुगली. मग मॅडमनी वरची वही पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात दिली. त्याचीच होती. ‘‘वाच बरं.’’

तो खणखणीत आवाजात वाचायला लागला. ‘‘सहावा दिवस. आज माझ्या धाकट्या भावाने वाटी सांडली. मी खूप रडले.’’

‘‘काय?’’

‘‘मी खूप रडले, मॅडम.’’

वर्गात खसखस पिकली.

‘‘अरे, रडले की रडलो?’’

‘‘फळ्यावर रडले होतं मॅडम.’’

‘‘बरं. भाऊ केवढा आहे तुझा?’’

‘‘मला भाऊ नाही. मी आणि ताई, दोघंच.’’

सर इतक्या घाईने पुढे आले की टेबलाला धडकले. पण मॅडमनी दुसरी वही उघडली. तिच्यातही धाकटा भाऊ. तिसरी, चौथी, पाचवी. भाऊ, भाऊ, भाऊ! ‘‘एकाच दिवशी सगळ्यांचे भाऊ? ठरवून सांडल्या का हो वाट्या?’’

‘‘मॅडम, या वयात मुलांचे अनुभव सारखेच असतात,’’ सर म्हणाले. खरंच म्हणाले हे! पोरांनीही माना खाली घातल्या. त्यांनाच लाज वाटली.

‘‘आणि हे ‘छान’ कोणाचं?’’

‘‘माझं.’’

‘‘वाचून लिहिलंत?’’

सर कपाटाकडे बघायला लागले, जणू लोहचुंबक उत्तर देणार होतं.

मॅडमनी सगळ्यात खालची वही ओढली आणि स्वतःच मोठ्याने वाचली. ‘‘पाचवा दिवस. काही नाही. सहावा दिवस. काही नाही. मला वाटलं बी मेलं. आई म्हणाली थांब, पण मी बोटाने उकरलं. खाली पांढरं मूळ होतं. मी सॉरी म्हटलं आणि परत झाकलं.’’ मग त्यांनी खालचा शेरा बघितला. ‘‘आणि याला ‘पुन्हा लिही’? काय लिहायचं हिने पुन्हा?’’

‘‘मॅडम, पानावर डाग आहे,’’ सर म्हणाले.

शंकासुराने हात वर केला. ‘‘पण सर, माती होती. डाग तर पडणारच ना?’’

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या वर्गात कोणीतरी विचारलं आणि सरांना ‘गप बस’ म्हणता आलं नाही.

खुर्ची पहिलीच्या बाईंना मिळाली. टाळ्या वाजवून गाणी म्हणणाऱ्या. सर संध्याकाळी घरी आले, चेहरा हा एवढा. बायकोने एका नजरेत ओळखलं आणि म्हणाली, ‘‘ते राहू दे. माझ्या वाट्या आणल्यात का परत? चांगल्यातल्या होत्या.’’

सरांनी झालं ते सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, ‘‘पोरंच बेअक्कल निघाली! मुलाने रडलो लिहायचं एवढंही कळू नये?’’

‘‘आणि भाऊ?’’

सरांनी ते ऐकलंच नाही. निळी उशी पाठीशी घेऊन बसले, पिशवीतून ती बक्षीसवाली वही काढली, पट्टीने आखून ‘रडले’ खोडलं आणि वर त्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘रडलो / रडले (लागू नसेल ते खोडावे)’. सकाळी वही पुन्हा कपाटात गेली आणि समोर नवी चिठ्ठी लागली. काय लिहिलं होतं, वेगळं सांगायला नको.