फरशीवरचं ग्रहण

मामा गेले, म्हणून चेन्नईतलं मैलापूरचं घर रिकामं करतेय. आज हॉलमधलं जुनं कपाट सरकवलं, तशी मागून धुळीने माखलेली एक कवडी घरंगळत आली.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा घरमालक मामा, तंजावरी मराठी, याच लाल फरशीवर कवड्या मांडून, श्लोक पुटपुटत ग्रहणाची वेळ काढत. कागद नाही, पेन्सिल नाही. एका सकाळी मला तो पसारा वाटला आणि मी झाडू फिरवला. चूक कळली तेव्हा घाबरून कवड्या आठवतील तशा परत मांडल्या. कॉफीचा पेला घेऊन मामा आले आणि पुढे मोजू लागले.

"ग्रीकांकडून उज्जैनला, तिथून आमच्या आजोबांपर्यंत आलं हे गणित. इतकी वाट चाललं, अम्मा, पण एक कवडी सांडली नाही."

मी झाडू दारामागे सरकवला.

ग्रहण त्यांनी काढलेल्या वेळेआधीच लागलं. ऊन निवलं, कडुनिंबाखाली उन्हाच्या कोरीच कोरी पसरल्या. मामा हसले, "वय झालं माझं." पुन्हा त्यांनी कवड्या मांडल्या नाहीत.

आता ती कवडी माझ्या मुठीत ऊबदार झालीय. ती कुठे सांडली, हे ऐकायला मामा नाहीत.