देवरावभाऊची नकाशात नसलेली गल्ली

देवरावभाऊ, तुझी गल्ली नकाशात आली. तू गेल्यावर नऊ दिवसांनी.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवरावभाऊ आदिलाबादेत कचऱ्याची गाडी चालवायचा. मी कंट्रोल रूममध्ये स्क्रीनपुढे बसायचो. पाणी, लाइट, कचरा, सगळ्या खात्यांचा डेटा एकाच नकाशावर आणायचं काम चालू होतं. मी टिकलो अशी ही एकच नोकरी. तीही पुढं सोडली, असो.

भाऊची गाडी म्हणजे स्क्रीनवरचा हिरवा ठिपका. रूट सोडला की लाल व्हायचा. भाऊ रोज लाल.

मी फोन करायचो.
"काऊन भाऊ, आजही रूट सोडला? साहेब मले बोलून राह्यले."

"अबे, इथं घरं हायेत. लेकरं हायेत."

"नकाशात तर रिकामं वावर दिसते."

"मंग ये ना वावर पाहाले!"

गेलो. नाल्यापलीकडं अख्खी वस्ती. एकाच्या छपरावर कबुतरं होती, तासभर मी तीच पाहत बसलो. तोवर भाऊनं गल्लीतला कचरा उचलून गाडी भरली पण.

निघताना म्हणाला, "तू एकदा ही गल्ली नकाशात टाकली का सगळ्या ऑफिसात दिसते ना? नळवाल्याले बी? लाइटवाल्याले बी?"

"सगळ्यांना दिसते."

"मंग टाक बापू. मी एकटा किती दिवस येऊ?"

काम अर्ध्या तासाचं. "उद्या टाकतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एक दोस्त भेटला, त्याच्यासोबत कापसाच्या ट्रकवर बसून हिंगणघाटला गेलो. तिथून नागपूर. काय काम होतं, आता आठवतही नाही.

परत आलो तर भाऊचा ठिपका घरापाशीच थांबलेला. ताप अंगावर काढला होता त्यानं. दवाखान्यात नेलं, तिथून माणूस परत आलाच नाही.

तेरवीच्या आधी मी गल्ली टाकली. खरंच अर्धाच तास लागला.

दोन महिन्यांत खांब उभे राहिले. मग नळाची लाइन मोजायला लोक आले. भाऊ म्हणाला होता तसंच, एकानं टाकलं आणि सगळ्यांना दिसलं.

परवा तिकडं गेलो. एक मावशी उंबऱ्यात बसली होती. म्हणाली,
"लाइट आली रे बाबू. गाडी बी येते. पण हा नवीन ड्रायव्हर हॉर्न वाजवते अन् निघून जाते. देवराव भांडाले तरी थांबायचा."



उशीर केला भाऊ मी. तू असताना व्हायला पाहिजे होतं.

लई आठवण येते तुझी.
मनापासून रामराम घे.