चिठ्ठीत निघालेला संत

आमच्या कॉलनीतली जुनी माणसं भेटली की किस्से एकाला एक लागून निघतात, आणि मी नेहमी सगळ्यांच्या मागून हसते. कारण ते घडत होते तेव्हा मी काळजीत बुडालेली असायची. मुळात माझा स्वभावच घोर लावून घेण्याचा. त्यात वसईहून उठून चंद्रपुरात, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये येऊन पडलेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अख्ख्या कॉलनीत आम्ही चार कॅथलिक घरं. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे. मुलं धर्म विसरतील या भीतीनं मीच एक प्रथा सुरू केली. वर्षाच्या पहिल्या रविवारी डब्यात संतांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्या मुलाला जो संत निघेल, तो वर्षभर त्याचा. त्या संताच्या फीस्टला, म्हणजे सणाच्या दिवशी, ते मूल घरचा राजा. त्याला रागवायचं नाही आणि त्याची एक मागणी पुरवायचीच.

नावं मी कॅलेंडरवरून उतरवली. कोण संत कसा मेला, हे काही वाचलं नाही. तिथंच चुकलं.

*

पहिल्याच वर्षी लिसाम्माच्या बिनॉयला संत सेबॅस्टियन निघाला. लिसाम्मा दवाखान्यात नर्स, माणूस समजूतदार. बिनॉयनं धनुष्यबाण मागितला. त्याच्या वडिलांनी चामोर्शीच्या बाजारातून आणून दिला. खेळण्यातला नाही, खरा, लोखंडी टोकाचा!

दुपारी मी केक कापायला मुलांना हाक मारायला गेले, तर बिनॉय कडुलिंबाला दोरीनं बांधलेला, आणि शेजारच्या मेश्रामबाईंचा मुलगा दहा पावलांवर नेम धरून उभा. सेबॅस्टियनला असंच झाडाला बांधून बाण मारले होते, हे मला नंतर कळलं. मेश्रामबाई धावल्या आणि त्यांनी धनुष्य हिसकावलं.

"पोट्टेहो, याले काऊन बांधून ठेवलं?"

बिनॉय बांधलेल्या अवस्थेतच शांतपणे म्हणाला, "आंटी, आज माझी फीस्ट आहे."

मेश्रामबाई माझ्याकडे वळल्या. "मेरीबाई, तुमच्यात सण करते का सजा देते जी?"

*

मेश्राम बौद्ध, पण त्यांची मुलं आमच्या प्रत्येक फीस्टला हजर. संत फ्रान्सिसच्या दिवशी फादर जनावरांना आशीर्वाद देणार म्हटल्यावर त्यांच्या मुलानं घरचा कोंबडा आणला. फादरनी त्याच्यावर रीतसर पवित्र पाणी शिंपडलं.

तो कोंबडा सावली गावाहून येणाऱ्या व्याह्यांसाठी राखलेला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांनी कोंबड्याभोवती कडं केलं. आशीर्वाद दिलेला जीव कापू देणार नाही म्हणाली. दोन्ही घरांत यावरून बिनसतं की काय, या काळजीनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुढच्या महिन्यात मेश्रामबाईंनी फादरना आग्रहानं जेवायला बोलावलं. ताट समोर आलं. वरण, भात, वांग्याची भाजी.

"फादर, तुमच्याच आशीर्वादानं आज वरण आहे," मेश्रामबाई म्हणाल्या. बाहेर कोंबडा आरवत होता.

*

तिसऱ्या वर्षी माझ्या रिटाला चिठ्ठी निघाली संत लॉरेन्सची. दहा ऑगस्ट. रिटा सात वर्षांची. मी मनात म्हटलं, बरं झालं, पावसाळ्यात गरम गरम काहीतरी करू.

फादरनी धर्मशिक्षणात मुलांना सांगितलं, की लॉरेन्सला विस्तवावर, लोखंडी जाळीवर भाजून मारलं. रिटा ते डोक्यात घेऊनच घरी आली. तिचे पप्पा बॉयलरवर कामाला. जेवताना तिनं विचारलं, "पप्पा, बॉयलरमध्ये माणूस मावतो?"

ह्यांना आपल्या बॉयलरचा भारी अभिमान. "माणूस? अगं, तुझी अख्खी शाळा मावेल!"

त्या दिवसापासून रिटाची झोप उडाली. माझीही.

*

मी फादरना गाठलं. म्हटलं, तुम्ही लावलेली आग तुम्हीच विझवा. फादरनी रिटाला जवळ घेऊन समजावलं, "अगं, लॉरेन्स घाबरला नव्हता. जाळीवरून तो हसत म्हणाला, ही बाजू झाली, आता मला उलटा."

झालं. हे रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपायचे. झोपेत कूस बदलली, की दारात बसलेली रिटा भोकाड पसरायची.

"एवढ्यानं कोणी रडतं का?" हे वैतागून उठायचे.

"पप्पा, उलटू नका ना."

महिनाभर माझा नवरा जागा होईपर्यंत उताणा झोपला.

*

मग तिनं ह्यांना कामावर जाऊच द्यायचं नाही असं ठरवलं. एकदा गेटपास तांदळाच्या डब्यात पुरला. एकदा बूट मेश्रामांच्या खुराड्यात, त्या आशीर्वादवाल्या कोंबड्याच्या राखणीत ठेवले. दोन्ही वेळा कंपनीची बस चुकली. फोरमननं सांगितलं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर वर लेखी जाईल.

मी बिनॉयला चिठ्ठी बदलतोस का विचारलं. तो म्हणाला, "आधी माझं धनुष्य परत द्या." ते काही मला जमण्यासारखं नव्हतं.

दहा ऑगस्ट जवळ आला. त्या दिवशी ह्यांची पहिली पाळी, सकाळी सहाची. आणि त्या दिवशी रिटाची मागणी मोडायची नाही, हा नियम मीच केलेला. ती काय मागणार, हे मला आणि ह्यांना दोघांनाही माहीत होतं. मला तिची दया येत होती आणि स्वतःचा राग.

*

पहाटे रिटा आपणहून उठली. मी देवाचं नाव घेतलं आणि विचारलं, "बाळा, काय हवं तुला आज?"

"आज पप्पांचा डबा मी भरणार. कोणी बघायचं नाही."

एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या हाती डबा देऊन बाहेरच उभी राहिले. तिनं डबा भरला, वर फडकं बांधलं. हे वेळेवर बसमध्ये चढले. त्याच पाळीला जाणारे मेश्रामभाऊ खिडकीतून हात हलवत होते.

सात वाजता मी स्वयंपाकघरात गेले, तर पोळ्यांची चवड जशीच्या तशी. भाजी कढईत. फळीवरून एकच वस्तू गेली होती, भाजल्यावर लावायचं पिवळं मलम. लिसाम्मानं दिलेली नवी कोरी ट्यूब.

दुपारपर्यंत मी दहा वेळा रस्त्यावर जाऊन आले. माणूस आठ तास आगीपाशी, उपाशी. चारचौघांत डबा उघडला असेल, लोक हसले असतील. आता आल्यावर पोरीवर हात उचलला तर? आज तर रागवायचंही नाही.

अडीचला बस आली. रिटा माझ्या आधी पोचली होती. हे उतरले आणि तिच्यापुढे दोन्ही हात धरले. मनगटापासून बोटांपर्यंत पिवळे. तिनं ते उलटसुलट करून पाहिले.

मागून दुसरा माणूस उतरला. त्याचेही हात पिवळे. तिसऱ्याचेही. प्रत्येकजण रिटासमोर थांबून हात दाखवत होता. ट्यूब फोरमनच्या हातात होती, पार पिळून काढलेली. ती त्यांनी रिटाला परत दिली.

शेवटी मेश्रामभाऊ उतरले. मेश्रामबाई फाटकातूनच ओरडल्या, "कुठी भाजलं जी तुमाले?"

"कुठीच नाई," भाऊ म्हणाले. "आज फीस्ट होय."