बायनाबाई म्हाळू, तीन लिटर

बायनाबाईचं काळीज चुकायला लागलं ते दोन हजार तेराच्या संक्रांतीनंतर. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना! चुलीपुढं बसली असताना छातीत एकदम काहीतरी घसरल्यासारखं व्हायचं. एक ठोका गायब, मग तीन-चार एकामागोमाग, मग पुन्हा थांबून थांबून. विहिरीचं पाणी सरत आलं की डिझेल इंजिन हवा ओढून भकभकतं ना, अगदी तसं. बायनाबाई भिंतीला पाठ लावून बसायची आणि पुटपुटायची, "आता कावून भकभकतंय हे मेलं?"

सांगायचं कुणाला? घरात माणूस नव्हतं. मुलगा गहिनीनाथ आणि सून अंजना दिवाळी होताच कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले, नातवंडंही बरोबर. कारखान्याचा पट्टा पडून गाळप थांबल्याशिवाय कुणी परतणार नव्हतं. शिरूर कासारच्या अलीकडचं ते गाव दरवर्षी असंच रिकामं व्हायचं. मागं उरायची म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री. शेजारी कडूबाई होती, पण ती ठार बहिरी. तिला काही सांगायचं म्हणजे अख्ख्या गावाला ओरडून सांगायचं, आणि काळजाचं दुखणं काय ओरडून सांगतात? राहता राहिली चांदी. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, महा आडमुठी म्हैस. बायनाबाई दिवसभर तिच्याशी बोलायची, भांडायची, रुसायचीसुद्धा. चांदी कान हलवायची. तेवढ्यानंही बरं वाटायचं.

आणि एक होती डेअरी. गावातल्या सहकारी दूध संस्थेपुढं सकाळ-संध्याकाळ रांग लागायची. सचिव राधाकिशन दूध मापून घ्यायचा आणि खणखणीत आवाजात पुकारायचा, "बायनाबाई म्हाळू, तीन लिटर!" म्हाळू म्हणजे तिचा नवरा, त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. दिवसातून दोनदा कुणीतरी तिचं नाव घ्यायचं, तेही नवऱ्याच्या नावासकट. एरवी ते घ्यायला होतंच कोण? ती पुकार ऐकायला बायनाबाई लुगडं बदलून जायची. हसू नका. एकट्या माणसाला असल्याच गोष्टी जगवतात.

एका सकाळी त्या रांगेतच काळजानं असा गोंधळ मांडला की तिला ओट्यावर बसावं लागलं. राधाकिशननं तिला दुधाच्या टेम्पोत घालून शिरूरला पाठवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली, गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "आजी, ठोके मागंपुढं पडतायत. गोळी चुकवू नका. पण प्रत्येकाला हे वेगळ्या कारणानं होतं. कुणाला चहानं, कुणाला तंबाखूनं, उपाशी पोटानं, जागरणानं, पाणी कमी पडल्यानं. धडधडलं की त्याच्या आधी काय केलं होतं ते टिपून ठेवा. आपला चोर आपणच धरायचा."

बायनाबाईला लिहिता कुठं येत होतं? पण चोर धरायची गोष्ट तिला पटली. डेअरीतही तसंच चालायचं की. कुणाच्या दुधात पाणी आहे ते एकेकाचं दूध तपासूनच कळायचं. तिनं देवळीशेजारची भिंत घेतली. धडधडलं की चुन्याचा ठिपका. आधी कोरा चहा झाला असेल तर ठिपक्याखाली आडवी रेघ, मिशरी लावली असेल तर उभी, उपास असेल तर फुली.

पहिला संशय मिशरीवर. चाळीस वर्षांची सवय, पण बाईनं डबी उचलली आणि उकिरड्यावर भिरकावली. दोन दिवस तोंड कडू, डोकं भणभण. चांदीला उगीचच चार शिव्या बसल्या. ठिपके थोडे कमी झाले, पण थांबले नाहीत. मग चहा सोडला. तरी ठिपके होतेच. सोमवारचा उपास सोडला, महादेवाची माफी मागून. तरीही! चोर सोडून संन्याशाला सुळी, असं तिला वाटायला लागलं. मिशरी काही संन्यासी नव्हे म्हणा, पण खरा चोर मोकळाच होता एवढं खरं.

पाण्याची खूण मात्र भिंतीवर नव्हतीच. तिला ती सुचलीच नाही. दुष्काळात तहान लागते, त्यात टिपून ठेवण्यासारखं काय आहे? दिवस उजाडला हे कुणी टिपून ठेवतं का?

चोर पकडला तो राधाकिशननं, तोही दुधाच्या मापावरून. एका संध्याकाळी रांग पांगल्यावर त्यानं तिला थांबवलं. "मावशी, एक विचारू? सगळ्या गावाच्या जनावरांचं दूध निम्म्यावर आलंय. तुमच्या म्हशीचं तीनच्या खाली येत न्हाई. तिला पाणी कुठलं पाजता?"

"कुठलं म्हंजी? टँकरचं."

"टँकर येतो तिसऱ्या दिशी. तुमच्या वाट्याला दहा घागरी. म्हैस दिवसाला किती पिते?"

"तीन," बायनाबाई म्हणाली. "मुकं जनावर हाय बाबा, ते मागायचं कुणाला?"

"म्हंजी नऊ घागरी तिच्याच झाल्या. मग तुमी काय पिता?"

तिसऱ्या दिवसापर्यंत उरलेल्या एका घागरीत स्वयंपाक, भांडी, देवाची पूजा, सगळं. तिच्या घशाखाली जायचे ते गोळीपुरते दोन घोट. घरी येऊन ती भिंतीपुढं उभी राहिली. कधी कधी धडधडलं ते आठवत बोटानं एकेक ठिपका चाचपला. टँकर यायच्या आदल्या दिवसाचे ठिपके सगळ्यात दाट होते. तिनं कपाळाला हात लावला. "अगं बया, तूच होय गं चोर!" ती गोठ्याकडं बघत म्हणाली. चांदीनं कान हलवला.

आता कळलं तर खरं, पण करायचं काय? म्हशीचं पाणी तोडावं तर ती आटणार आणि खंगणार. आपलं तोडावं तर काळीज थांबणार. तिसरी वाट होती ती छावणीची. तिकडं आष्टीच्या वाटेवर जनावरांची छावणी पडली होती. चारा-पाणी मिळायचं, पण जनावरापाशी माणसानं उघड्या माळावर राहायचं. गोळ्यांवरच्या बाईला ते झेपणारं नव्हतं. गल्लीतला बंकट आपले बैल घेऊन निघाला होता. तो म्हणाला, "काकू, तुमची म्हैसबी नेतो. धार मीच काढीन, दूध तिकडंच घालीन. पाऊस पडला की आणून बांधतो."

चार दिवस बायनाबाईनं उत्तर दिलं नाही. म्हैस गेली की दूध गेलं, दूध गेलं की डेअरी गेली. मग दिवस उगवला काय अन् मावळला काय! रविवारी गहिनीनाथचा फोन आला. तो म्हणाला, "आये, म्हशीपायी जीव देती का? धाड तिला." लेकाला दोन वाक्यं बोलायला काय जातं? पाचव्या दिवशी तिनं स्वतःच दावं सोडून बंकटच्या हातात दिलं. चांदी महा आडमुठी म्हणून नावाजलेली, पण त्या दिवशी मुकाट चालायला लागली. बायनाबाईला त्याचंच जास्त लागलं.

त्या दिवसापासून ती तांब्या तांब्या पाणी प्यायली. भिंतीवर नवा ठिपका उमटला नाही. आठ दिवस झाले, अकरा झाले. डॉक्टरीणबाईनं पट्टी बघून पाठ थोपटली. काळीज एका लयीत चालत होतं, आणि घरात दुसरा आवाजच नसल्यामुळं बायनाबाईला ते दिवसभर ऐकू यायचं. गोठ्यात शेण नव्हतं, चुलीवर दुधाचं भांडं नव्हतं. सकाळी उठून तिनं तोंड उघडलं की शब्द कुणाला द्यायचा ते कळायचं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तिनं लुगडं बदललं, रिकामी किटली घासून घेतली आणि डेअरीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढं पाच-सहा माणसं होती. कुणी काही विचारलं नाही. तिची पाळी आली तेव्हा राधाकिशननं मापासाठी हात पुढं केला आणि किटलीत डोकावलं.

"मावशी, दूध?"

"न्हाई. चांदी छावणीला गेली न्हवं का."

"मग?"

बायनाबाई खाली बघत म्हणाली, "नाव पुकार की रं, बाबा."

राधाकिशननं माप बाजूला ठेवलं, घसा साफ केला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं पुकारलं, "बायनाबाई म्हाळू, निरंक!"

"हाय," बायनाबाई म्हणाली, आणि रिकामी किटली घेऊन घरी गेली.